पिकअप किती उंच करावी : एका गाडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दुर्गम जागी बसवलेल्या जलपंपांची आणि जनित्रांची देखभाल करणाऱ्या एका व्यावसायिकाच्या पिकअपचे हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मोजमापे मात्र त्या वेळी वहीत टिपली तशीच दिली आहेत. गाडी दुहेरी केबिनची, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देता येणारी आणि साडेचार वर्षे वापरलेली होती. पुढे दुहेरी विशबोनचे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन आर्मवर (आडव्या हातांवर) धरणारे स्वतंत्र सस्पेन्शन, त्यात कॉइल स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र बसवलेले. मागे अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. दोन ॲक्सलमधील अंतर ३,१०० मिलिमीटर, टायर २६५/६५ आर १७ (रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १७ इंचांची). हौद्यात हत्यारांची लोखंडी पेटी कायमची बोल्टने आवळलेली होती. हत्यारांसह तिचे वजन सुमारे ३०० किलो भरत असे आणि बहुतेक फेऱ्यांना त्यावर आणखी दीड-दोनशे किलोचे सामान चढे.

गाडीच्या एकूण धावेपैकी अंदाजे चार पंचमांश धाव डांबरी रस्त्यावरची होती. उरलेली धाव दगडगोट्यांच्या, पावसाने चर पडलेल्या कच्च्या वाटांवरची. सुटीच्या दिवशी हीच गाडी घरच्यांसाठी वापरली जात असे आणि मालकांचे सत्तरी ओलांडलेले वडील नेहमी पुढच्या आसनावर बसत. ही शेवटची बाब पहिल्या बैठकीत कोणीच काढली नाही. मीही विचारले नाही.

अडचण

मालक माझ्याकडे आले ते सल्ला मागण्यासाठी नव्हे. गाडी चार इंच उंच करायची हे त्यांचे ठरले होते. हे काम नीट करणारे गॅरेज कोणते, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यांच्या एका सहव्यावसायिकाने तशी गाडी करून घेतली होती आणि ती कुठेही अडत नाही असे त्यांनी पाहिले होते. त्यांची स्वतःची गाडी मात्र तीन ठिकाणी हमखास घासत असे. एका वाटेवर मातीचा उंचवटा ओलांडताना पोट टेकत असे, ओढ्यातून वर चढताना मागची बाजू खरवडत असे, आणि खोल चाकोऱ्यांतून जाताना खाली मध्येच कुठेतरी ठक्क असा आवाज येत असे. इंजिनाखालच्या पत्र्याला एक मोठा पोचाही होता, पण तो दोन वर्षांपूर्वीचा.

त्यांच्या तक्रारीत खोटे काहीच नव्हते. परंतु ‘गाडी घासते’ हे लक्षण झाले. गाडीचा कोणता भाग, किती भार असताना आणि कशावर घासतो, हे कळल्याशिवाय चार इंच पुरेसे की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून गॅरेजचा पत्ता देण्याआधी मी त्यांच्याकडून एक आठवडा मागून घेतला.

मोजमाप

खडूची भुकटी पाण्यात कालवून तिचा पातळ लेप आम्ही गाडीच्या खालच्या बाजूला ब्रशने दिला. पुढचा पत्रा, गिअरबॉक्सखालचा आडवा बार, मागच्या डिफरन्शियलचे (इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचे) पोट, ट्रेलर ओढायचा हूक आणि दोन्ही बाजूंची पायदाने, एवढे भाग रंगवले. मग नेहमीचा भार घालून मालकांनी नेहमीच्याच वाटेने एक फेरी केली. परत आल्यावर गाडी खड्ड्यावर घेऊन टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा पुढच्या पत्र्यावरचा लेप जसाच्या तसा होता. आडव्या बारावर दोन बोटे रुंदीचा एक पट्टा पुसला गेला होता. डिफरन्शियलच्या पोटावर एका दगडाची रेघ होती. हूक खालून चकचकीत झाला होता. सगळ्यात जास्त लेप गेला होता तो पायदानांवरचा. डाव्या पायदानाची खालची नळी तर हातभर लांबीपर्यंत लख्ख उघडी पडली होती आणि तिच्या कंसात माती गच्च बसली होती. ही पायदाने गाडीबरोबर आलेली नव्हती. ती नंतर बसवलेली आणि चेसिसच्या खाली चांगली लोंबणारी होती.

दुसरे मोजमाप चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे. कमी धावलेली, त्याच मॉडेलची एक गाडी शेजारी उभी करून दोन्ही गाड्या रिकाम्या असताना टेप लावला. पुढे फरक नगण्य निघाला. मागे मात्र आमची गाडी ३५ मिलिमीटरने खाली होती. पाटे बसले होते. साडेचार वर्षे दिवसरात्र ३०० किलो अंगावर घेऊन उभ्या राहणाऱ्या पाट्यांचे याहून वेगळे होणार नव्हते, आणि तरीही हे मालकांच्या वा त्यांच्या नेहमीच्या मेकॅनिकच्या लक्षात आले नव्हते, कारण गाडी रोज थोडी थोडी खाली येत असेल तर रोज पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

तिसरे मोजमाप कोनाचे. उंचवटा ओलांडताना पोट टेकेल की नाही, हे पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर आणि मधल्या सर्वांत खालच्या भागाची उंची यांवर ठरते. भार घातलेल्या गाडीत पायदानांची खालची कडा जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर होती, आणि पायदाने नसती तर सर्वांत खाली आला असता तो आडवा बार २२० मिलिमीटरवर. साध्या त्रिकोणमितीने पहिल्या उंचीला सुमारे १२ अंशांचा कोन मिळतो, तर दुसरीला सुमारे १६ अंशांचा. चाकांच्या गोलाईमुळे प्रत्यक्ष कोन थोडा वेगळा येतो, पण तुलनेला हा हिशेब पुरतो. नेहमीच्या वाटेवरचा सर्वांत वाईट उंचवटा फळी आणि लेव्हल वापरून मोजला, तो १७ अंशांच्या आसपास भरला.

म्हणजे गाडी न उचलता, दहा मिनिटांत पाना फिरवून, जवळपास चार अंश परत मिळत होते. पाटे मूळ उंचीला आणले की मधला भाग आणखी १७ मिलिमीटर वर जाऊन कोन १७.४ अंशांपर्यंत पोहोचत होता. एवढ्यावर तो उंचवटा कागदावर तरी पार होत होता.

पर्याय

पहिला पर्याय दुरुस्तीचा : पायदाने काढायची, हूक फक्त ट्रेलर जोडताना लावायचा, पाटे नवे घालायचे आणि आडव्या बाराखाली जाड पत्रा बसवायचा. यात गाडीची मूळ भूमिती बदलत नाही, ही याची मोठी जमेची बाजू. उणी बाजू अशी की १७ अंशांच्या उंचवट्याला १७.४ अंशांची गाडी म्हणजे पहिल्या जोरदार पावसानंतर पुन्हा घासणारी गाडी. डिफरन्शियलच्या पोटाला तर याने काहीच फायदा होत नाही.

दुसरा पर्याय बॉडी उचलण्याचा. यात चेसिस आणि बॉडी यांच्या मधल्या रबरी बैठकींवर ठोकळे घालून फक्त बॉडी वर घेतात. काम तुलनेने स्वस्त पडते, सस्पेन्शनला हात लागत नाही आणि चालही बदलत नाही. पण चेसिस, आडवा बार आणि डिफरन्शियल जागच्या जागी राहतात. मोठे टायर मावावेत म्हणून जागा करून देणे, हाच त्याचा खरा उपयोग. शिवाय स्टीअरिंगचा दांडा, रेडिएटरचे आवरण, इंधन भरण्याची नळी आणि बंपर यांची जुळणी नव्याने करावी लागते. आमच्या तिन्ही दुखण्यांपैकी एकावरही हा उपाय नसल्याने तो पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

तिसरा पर्याय सस्पेन्शन माफक उचलण्याचा, म्हणजे पुढे व मागे मूळ उंचीपेक्षा ४० मिलिमीटर, आणि त्याबरोबर एक पायरी मोठे टायर. चौथा पर्याय मालकांच्या मनातला : सस्पेन्शन १०० मिलिमीटर आणि टायर २८५/७५ आर १७.

या चौथ्या पर्यायावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण तो दिसायला सर्वांत सोपा आणि प्रत्यक्षात सर्वांत गुंतागुंतीचा होता. स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत पुढच्या चाकांना फिरवणारे दांडे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत तिरके जातात. गाडी वर गेली की हा तिरकेपणा वाढतो, सांध्यांवर ताण येतो आणि त्यांवरचे रबरी बूट, म्हणजे ग्रीस आत ठेवणारी आवरणे, फाटतात. १०० मिलिमीटरसाठी म्हणूनच नुसत्या स्प्रिंगा बदलून चालत नाही. पुढचे डिफरन्शियल आणि खालच्या आर्मच्या बैठकी कंस लावून खाली आणाव्या लागतात, काही ठिकाणी मूळ लोखंड कापावे लागते, ब्रेकच्या नळ्या लांब घ्याव्या लागतात. यातली गंमत अशी की खाली आणलेल्या बैठकींमुळे गाडीच्या पुढच्या पोटाला मिळणारी उंची जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरते. मोठ्या टायरचा व्यास ७७६ वरून ८५९ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो; तेवढ्या प्रमाणात प्रत्येक गिअर ‘लांब’ होतो, चढावर इंजिन दमते आणि तेच ब्रेक अधिक जड, अधिक मोठे चाक थांबवू पाहतात.

मालकांना या सगळ्यापेक्षा पटला तो उलटण्याचा हिशेब. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की जो आकडा येतो, त्याला स्थैर्यगुणांक म्हणता येईल. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा गाडी उलटण्याच्या शक्यतेचे तारांकन करताना हाच आकडा आधाराला धरते. आमच्या गाडीत चाकांमधील अंतर १,५४० मिलिमीटर होते. गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर धरला तर गुणांक १.१० येतो. तिसऱ्या पर्यायात गुरुत्वमध्य सुमारे ५० मिलिमीटरने वर जाऊन तो १.०३ होतो. चौथ्यात उंची ८३५ च्या आसपास जाऊन तो ०.९२ वर येतो. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड साधारण ०.८ ते ०.९ असते, आणि स्प्रिंगा व टायर दबून गाडी झुकते तेव्हा प्रत्यक्षातला गुणांक कागदावरच्या आकड्याहून आणखी खाली जातो. गुणांक पकडीच्या जवळ आला की झटक्यात वळवलेली गाडी घसरण्याऐवजी उलटू शकते. त्यात हौद्यातल्या पेटीचे वजन धरलेले नव्हते.

निर्णय

तिसरा पर्याय घ्यायचा आणि त्यात पहिल्यातल्या सगळ्या गोष्टी मिळवायच्या, असे ठरले. पुढे ४० मिलिमीटर उंची देणाऱ्या नव्या कॉइल आणि त्यांना जुळणारे शॉक ॲब्सॉर्बर घ्यायचे. केवळ वरच्या बैठकीवर चकती घालून उंची मिळवायची नाही, असे मी आग्रहाने सांगितले. २५ मिलिमीटरची चकती चाकाशी जवळपास दुप्पट उंची देते, म्हणून ती लोकप्रिय आहे, परंतु शॉक ॲब्सॉर्बर तोच राहत असल्याने चाक पूर्ण खाली लोंबते तेव्हा वरचा बॉल जॉइंट आणि दांड्याचे सांधे त्यांच्या मूळ मर्यादेपलीकडे ओढले जातात.

मागे ३०० किलोचा कायमचा भार गृहीत धरून बनवलेले नवे पाटे निवडले. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालण्याचा स्वस्त मार्ग गॅरेजने सुचवला होता. तो नाकारला, कारण बसलेल्या पाट्यांवर ठोकळा घालणे म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्याला उंच टाचेचा बूट घालणे. टायर २६५/७० आर १७ घेतले. त्यांनी व्यास २७ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे डिफरन्शियल १३ मिलिमीटर वर जाते. ओझे फार नाही, मडगार्ड कापावे लागत नाही आणि जादा चाक हौद्याखालच्या मूळ जागी बसते. मालकांचे मन २८५ च्या टायरवर होते आणि ही माघार त्यांनी थोडी खट्टू होऊनच घेतली.

दोन गोष्टी लेखी करून घेतल्या. एक, विमा कंपनीला बदलांचे तपशील आधी कळवून तिची मान्यता घेतली. गाडीच्या उंचीत किती बदल चालतो याचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून नोंदणी कार्यालयाकडेही आधी चौकशी केली. दोन, मालकांकडून एका कागदावर लिहून घेतले की गाडीची कमाल वजनमर्यादा पूर्वीचीच राहील. ताठ पाट्यांनी गाडी कमी दबते, त्यामुळे ती जास्त वाहून नेऊ शकते असा समज होतो. चेसिस, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक मात्र तेच असतात.

प्रत्यक्ष काम

काम दोन दिवस चालले. पाटे ॲक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे घातले. पाट्यांचे बुश (टोकांच्या बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवली आणि मगच अखेरचे आवळले. हवेत लटकत्या स्थितीत आवळलेला रबरी बुश गाडी खाली आली की कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वायरी चाक पूर्ण लोंबवून तपासल्या, पुरेशी ढील होती. नंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी केली. संगणकावर सगळे रकाने हिरवे दिसत होते.

पहिले सहा आठवडे

पहिली तक्रार पाचव्या दिवशी आली आणि ती सर्वांत गंभीर होती. ओल्या रस्त्यावर भरलेल्या गाडीला जोरात ब्रेक लावावा लागला तेव्हा पुढचे नाक एकदम खाली गेले, एबीएस लवकर थडथडू लागले आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबली. “मागून कोणी ढकलतंय असं वाटलं,” असे मालक म्हणाले. कारण शोधायला वेळ लागला नाही, आणि म्हणूनच ते अधिक लाजिरवाणे होते. या गाडीत भार ओळखून मागच्या ब्रेकचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह आहे. चेसिसवरच्या या व्हॉल्व्हला ॲक्सलशी जोडणारी एक दांडी असते. गाडी दबली की दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी ७५ मिलिमीटरने वर गेल्यावर (३५ बसलेल्या पाट्यांचे, ४० नव्या उंचीचे) व्हॉल्व्हच्या लेखी ती कायमच रिकामी होती. दांडी जुळवायची गॅरेज विसरले होते, आणि तपासणीच्या माझ्या यादीतही ती ओळ नव्हती.

दुरुस्ती करताना आणखी एक बाब पुढे आली. नुसती दांडी लांब करून भागत नाही, कारण नवे पाटे ताठ आहेत. तेवढ्याच वजनाने ते कमी दबतात आणि व्हॉल्व्हला भार कमी जाणवतो. शेवटी पुढच्या व मागच्या ब्रेकला दाबमापक लावून, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्या आकड्यांशी ताडून व्हॉल्व्ह बसवला.

दुसरी तक्रार महामार्गावरची. गाडी सरळ रेषेत राहत नव्हती, स्टीअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येत नव्हते. उंची वाढली की पुढच्या चाकाचा कॅस्टर कोन (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि चाकाची सरळ राहण्याची ओढ क्षीण होते. संगणकावरचा रकाना हिरवा होता खरा, पण कॅस्टर मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला, १.४ अंशांवर होता. दुसऱ्या वेळी कारागिराला आधी कॅस्टर साधायला आणि मग उरलेल्या वावात कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) जुळवायला सांगितले. २.६ अंशांवर स्टीअरिंग शांत झाले. याहून अधिक उंची असती तर वरचे आर्मच बदलावे लागले असते.

तिसरी तक्रार : गाडी जागेवरून हलवताना पायाखाली थरथर. मागचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जोर नेणारा दांडा) दोन तुकड्यांचा असून मध्ये बेअरिंगवर टेकलेला असतो. मागचा ॲक्सल आता चेसिसपासून अधिक खाली होता, त्यामुळे सांध्यांचे कोन बिघडले. मधल्या बेअरिंगच्या कंसाखाली १० मिलिमीटरच्या चकत्या घातल्यावर थरथर बव्हंशी गेली. भरलेल्या गाडीने चढावर सुरुवात करताना ती अजूनही किंचित जाणवते.

दिव्यांबाबत मात्र माझा अंदाज साफ चुकला. उंच गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर येतात, म्हणून मी ते खाली करायला सांगणार होतो. मालक म्हणाले, रात्री पुढचे दिसतच नाही. मागची बाजू ७५ आणि पुढची ४० मिलिमीटर वर गेल्याने गाडी पूर्वीपेक्षा पुढे झुकली होती, आणि मागच्या वर्षी बसलेल्या पाट्यांमुळे दिवे वर जातात म्हणून कोणीतरी ते आधीच खाली केले होते. ३५ मिलिमीटरच्या फरकाने १० मीटरवरच्या भिंतीवर प्रकाशाची कडा, दिव्याच्या उंचीच्या तुलनेत, सुमारे ११ सेंटीमीटर खाली उतरते. दिवे नेहमीचा भार घालून पुन्हा जुळवले.

वर्षभरानंतर

ज्यासाठी हे सगळे केले ते साधले. भरलेल्या गाडीत आडवा बार आता २९० मिलिमीटरवर असून कोन सुमारे २१ अंश आहे. दोन पावसाळी महिन्यांनंतर खडूचा लेप पुन्हा दिला, तेव्हा पोट कोरे राहिले आणि डिफरन्शियलवर एक रेघ उमटली. ती उमटणारच; अखंड ॲक्सलचे पोट टायरची त्रिज्या वाढते तेवढेच वर जाते, सस्पेन्शनने ते हलत नाही.

इंधनाचा हिशेब मालकांनी स्वतः ठेवला होता. पूर्वी लिटरला १२ किलोमीटर मिळत, आता ११ मिळतात, असे ते म्हणाले. पण मोठ्या टायरमुळे किलोमीटर मोजणारे यंत्र ३.४ टक्के कमी दाखवते. त्याची दुरुस्ती केली की खरा आकडा ११.४ येतो. तोटा आहे, पण वाटला त्याच्या सुमारे साठ टक्के. हीच चूक वेगाच्या काट्यालाही लागू होते : ८० दिसतात तेव्हा गाडी टायरच्या फरकापोटी ८३ च्या जवळ धावत असते. ज्या गाड्यांत टक्कर टाळणारे कॅमेरे वा रडार असतात, त्यांत उंची बदलल्यावर तेही नव्याने जुळवावे लागतात. या गाडीत ते नव्हते.

अकराव्या महिन्यात डाव्या पुढच्या दांड्याच्या आतल्या बुटाला चीर पडून ग्रीस आर्मवर उडालेले दिसले. बूट बदलला. ४० मिलिमीटरवरही हे घडले, याची नोंद ठेवली आहे.

आणि वडील. पायदाने गेली, आसन वर गेले. पहिल्याच रविवारी त्यांनी दाराची चौकट धरून दोनदा प्रयत्न केला आणि मग “शिडी लावणार असाल तर येतो,” असे म्हणून घरात निघून गेले. रिकाम्या गाडीत ताठ पाटे उसळतात, हेही त्यांना आवडले नव्हते. चेसिसच्या कडेला लागून राहणारे, खाली न लोंबणारे एकेरी पायदान त्यांच्या बाजूला बसवले, आणि चढताना धरायला खांबावर एक मूठ लावली. मदतनिसाची तक्रार तर कोणाच्या कानावरच आली नव्हती. हौद्याचा फाळका जवळपास ९ सेंटीमीटरने वर गेल्याने पन्नास किलोचा पंप आता त्याला छातीपर्यंत उचलावा लागत होता. ते मला कळले ते त्याने कमरेला बांधलेला पट्टा पाहून. आता हौद्यात सरकती फळी ठेवली आहे.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत आधी, ब्रेकचा व्हॉल्व्ह. उंची बदलणाऱ्या कोणत्याही कामाच्या यादीत तो पहिल्या ओळीत हवा आणि गाडी रस्त्यावर जाण्यापूर्वी भार घालून मोकळ्या जागी ब्रेक तपासायला हवेत. त्या पाचव्या दिवशी समोर कोणी नव्हते, हा आमच्या नियोजनाचा भाग नव्हता.

पहिल्या बैठकीत गाडी कोण चालवते एवढेच मी विचारले. तीत कोण बसते, सामान कोण चढवते, हे विचारले असते तर फाळक्याची उंची आणि पायदान यांचा विचार निर्णयाआधी झाला असता. कदाचित मागे ४० ऐवजी २५ मिलिमीटरवर थांबलो असतो.

तिसरी बाब मला अजून सतावते. पायदाने, पाटे, कॉइल आणि टायर असे सगळे एकाच दोन दिवसांत बदलले. वाढलेल्या नऊ अंशांपैकी पाच अंश गाडी मूळ उंचीच्या वर न उचलताच मिळाले होते, हे कागदावर दिसते; पण १७.४ अंशांची गाडी त्या उंचवट्यावरून एक पावसाळाभर कशी गेली असती, हे आम्ही पाहिलेच नाही. महिनाभर तशी चालवून मग पुढचे ठरवता आले असते. गॅरेजची वेळ मिळाली होती, कॉइल येऊन पडल्या होत्या, आणि मालकांना चार इंचांवरून दीडवर आणल्यानंतर त्यांना आणखी महिनाभर थांबा म्हणायचे मला जड गेले. जुनी पायदाने त्यांच्या कोठारात भिंतीला टेकवून ठेवली आहेत. डाव्या पायदानाच्या खालची नळी चपटी झाली आहे, आणि कंसातली माती अजून तशीच आहे.